एचपीव्हीची लस चार प्रकारांची घ्यावी की नऊ? आणि माझ्या अहवालातल्या 'इतर १२'चे काय?

अमृता_रावपुरा

सर्वांना नमस्कार. गेले दहा दिवस दोन कागद माझ्या टेबलावर शेजारीशेजारी पडून आहेत आणि त्यांचा एकमेकांशी मेळ मला लावता येत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

पहिला कागद मुलीचा. ती बारा वर्षांची आहे. बालरोगतज्ज्ञांनी तिला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची, म्हणजे एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा) या विषाणूवरची, लस द्यायला सांगितली आणि चिठ्ठीवर दोन नावे लिहून दिली. एक पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक, जी विषाणूच्या चार प्रकारांवर चालते आणि जिचा दर त्यांनी डोसाला दोन हजारांच्या आसपास सांगितला. दुसरी बाहेरून येणारी गार्डासिल ९, नऊ प्रकारांवरची, डोसाला दहा हजारांच्या वर. निर्णय आमच्यावर सोडला.

दुसरा कागद माझा. मी एक्केचाळीस वर्षांची आहे, मला कुठलाही त्रास नाही, पण विषय निघालाच म्हणून मी स्वतःचीही तपासणी करून घेतली. अहवालात तीन ओळी आहेत. एचपीव्ही १६ आढळला नाही. एचपीव्ही १८ आढळला नाही. इतर १२ उच्च जोखमीचे प्रकार: आढळले.

माझा प्रश्न असा, की चार प्रकारांच्या लशीत कर्करोगाचे म्हणून १६ आणि १८ एवढे दोनच आहेत. माझ्या शरीरात त्या दोहोंपैकी एकही नाही, तिसराच कोणीतरी आहे. मग मुलीला ती लस देणे म्हणजे पुढच्या दाराला कुलूप लावून मागचे दार सताड उघडे ठेवण्यासारखे नाही का? सासूबाईंचे म्हणणे, लग्नानंतरच्या आजाराची लस एवढ्याशा पोरीला कशाला. यजमानांचे म्हणणे, महाग आहे त्या अर्थी चांगलीच असणार. या दोन्ही उत्तरांनी माझे समाधान होत नाही.

सूक्ष्मदर्शी

अमृताताई, मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, मी वैद्य नाही. तुमच्या प्रकृतीविषयीचा निर्णय तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांचाच राहील. या आकड्यांची फोड मात्र करून देतो, कारण गोंधळ आकड्यांमुळेच होतो.

एचपीव्हीचे दोनशेहून अधिक प्रकार माहीत आहेत आणि त्यांना मिळालेले क्रमांक हे केवळ शोधाच्या क्रमाने दिलेले आहेत, त्यांचा आजाराच्या तीव्रतेशी संबंध नाही. बहुतेक प्रकार हातापायांवर चामखीळ उठवण्यापलीकडे काही करत नाहीत. लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ज्यांना निश्चित कर्करोगकारक ठरवले आहे ते बारा: १६, १८, ३१, ३३, ३५, ३९, ४५, ५१, ५२, ५६, ५८ आणि ५९. प्रयोगशाळेच्या चाचणीत सावधगिरी म्हणून ६६ आणि ६८ हे दोन आणखी धरतात, म्हणजे झाले चौदा. त्यांतून १६ आणि १८ वेगळे काढून दाखवले की उरतात तुमच्या अहवालातले 'इतर १२'. हे बारा आणि ते बारा एक नव्हेत, हे माझ्या विद्यार्थ्यांनाही दरवर्षी दोनदा सांगावे लागते.

आता मुख्य मुद्दा. हे चौदाही एका माळेचे मणी नाहीत. जगभरातल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के १६ आणि १८ यांच्यामुळे होतात आणि त्यातही एकट्या १६ चा वाटा निम्म्याहून अधिक आहे. भारतात या दोघांचा वाटा ८० टक्क्यांच्या वर जातो. हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या गटाने १९८३ मध्ये १६ आणि पुढच्याच वर्षी १८ वेगळा केला, त्या कामासाठी त्यांना २००८ चे नोबेल मिळाले. इतकी वर्षे झाली तरी गुन्हेगारांच्या यादीत हीच दोन नावे वर आहेत.

याचे कारण विषाणूच्या दोन प्रथिनांत आहे, ई६ आणि ई७. पेशीत बिघाड झाला तर तिला थांबवणारे पी५३ नावाचे प्रथिन असते, त्याचा ई६ नाश करवते. पेशीचे विभाजन आवरून धरणारे दुसरे प्रथिन ई७ निकामी करते. दोन्ही पहारेकरी गेले की पेशी मोकाट सुटते. हे काम १६ जितक्या चिकाटीने करतो तितके ५१ किंवा ५६ करत नाही. शिवाय १६ शरीरात मुक्काम ठोकण्यात पटाईत आहे. एरवी दहापैकी नऊ संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातात. कर्करोगाचा धोका असतो तो न निघून गेलेल्याकडून, आणि तेव्हाही प्रतिकारशक्ती धड असेल तर साधारण पंधरा ते वीस वर्षांनी.

म्हणून, ताई, 'मला जो प्रकार सापडला तोच मुलीलाही गाठणार आणि त्याच्यापासूनच वाचवायला हवे' हे गृहीतक बरोबर नाही. संसर्ग कोणत्या प्रकारांचे अधिक दिसतात आणि कर्करोग कोणते प्रकार करतात या दोन वेगवेगळ्या याद्या आहेत. लस दुसऱ्या यादीकडे पाहून बनवलेली आहे.

कारेलीबाग_कर

वाचत आहे. आमच्याकडे हाच प्रश्न पुढच्या वर्षी उभा राहणार आहे.

शंकासुर

सूक्ष्मदर्शी यांचे विवेचन उत्तम आहे, पण बडोद्यात बसून एचपीव्हीच्या लशीची चर्चा करायची आणि २००९ चा उल्लेखही करायचा नाही, हे मला विसराळूपणाचे वाटते. आपल्याच जिल्ह्यातल्या डभोई, शिनोर आणि कवांट या तालुक्यांत (कवांट आता छोटा उदेपूर जिल्ह्यात आहे) आणि तिकडे तेव्हाच्या आंध्रातल्या (आता तेलंगणातल्या) खम्मम जिल्ह्यात शाळकरी मुलींना ही लस दिली गेली. पाथ नावाची अमेरिकी संस्था, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि दोन्ही राज्य सरकारे त्यात होती. दोन्हीकडे मिळून वीस हजारांहून अधिक मुली. सात मुली दगावल्या. एप्रिल २०१० मध्ये कार्यक्रम थांबवला गेला आणि २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक शब्दांत अहवाल दिला. हे सारे जर झाले नसते तर मी निमूटपणे दंड पुढे केला असता.

निवृत्त_सिस्टर

शंकासुर, तुम्ही आठवण काढली ते योग्यच केले, मात्र अर्धी काढली. मी त्या काळी जिल्ह्यातल्या एका आरोग्य केंद्रात होते, कुठल्या ते सांगत नाही. आपल्या इथे सर्व्हारिक्स दिली होती, तिच्यात १६ आणि १८ हे दोनच प्रकार होते. खम्ममला गार्डासिल होती.

त्या सात मृत्यूंची चौकशी झाली. एक मुलगी खाणीच्या पाण्यात बुडाली, एकीला साप चावला, दोघींनी कीटकनाशक प्यायले, एक मलेरियाने गेली. उरलेल्या दोघींच्या मृत्यूचे कारण तितके स्पष्ट नव्हते, एकीला ताप होता आणि एकीला मेंदूत रक्तस्राव झाल्याचा संशय होता. पण लशीशी संबंध चौकशीत कुठेच लागला नाही. संमतीच्या बाबतीत मात्र जे चुकले ते चुकलेच. खम्ममला पुष्कळ अर्जांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. समितीने झोडपले ते यासाठी.

माझ्या स्वतःच्या डोळ्यांसमोर आजही एक बाप आहे. शाळेच्या ओट्यावर बसून त्याने मला विचारले, "बेन, ही कशाची लस?" मी म्हटले, कॅन्सरची. तो म्हणाला, "माझ्या पोरीला कॅन्सर झाला आहे का?" हातात छापील पत्रक होते, पण त्याला वाचता येत नव्हते, आणि माझ्या मागे अजून साठ मुली रांगेत उभ्या होत्या. मी त्याला दोन मिनिटांत जे सांगितले त्याला समजावणे म्हणता येणार नाही. कार्यक्रम थांबल्यावर पुढे कित्येक महिने त्या गावात मी धनुर्वाताची सुई घेऊन गेले तरी दारे लोटली जात. लशीचा दोष नसताना लशीवरचा विश्वास कसा जातो ते मी तिथे पाहिले.

गणितमास्तर

सिस्टर, तुमच्या प्रतिसादाला जोडून एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण तिच्याशिवाय 'किती डोस' या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही, आणि तिचे मूळ याच बंदीत आहे.

त्याच सुमारास देशात दुसरा एक, पूर्णपणे वेगळा, अभ्यास चालू होता. दहा ते अठरा वर्षांच्या अविवाहित मुलींना तीन डोस द्यावेत की दोन पुरतील, एवढाच प्रश्न होता. लिऑनच्या त्याच संस्थेचा हा प्रकल्प होता आणि पुणे, बार्शी, मुंबई, अहमदाबाद अशा ठिकाणी केंद्रे होती. वीस हजार मुली घ्यायच्या होत्या. एप्रिल २०१० च्या आदेशाने हाही अभ्यास जिथे होता तिथे थांबला. तोवर १७,७२९ मुलींना लस मिळाली होती आणि त्यांपैकी ४,९५० मुलींना तर एकच डोस मिळून पुढचा कधी मिळालाच नाही. संशोधकांच्या दृष्टीने मांडलेला डाव उधळला.

पण त्यांनी मुलींची साथ सोडली नाही. दहा वर्षे पाठपुरावा केला. मुली मोठ्या झाल्या, त्यांची लग्ने झाली, आणि २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १६ आणि १८ च्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासूनचे संरक्षण तीन डोसांत ९३.३ टक्के, दोन डोसांत ९३.१ टक्के आणि एका डोसात ९५.४ टक्के. या तीन आकड्यांतला फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक नव्हेच. मुद्दाम कोणी असा प्रयोग आखला असता तर नैतिकता समितीने तो मंजूर केला असता की नाही याची मला शंका आहे. पुढे केनियातल्या रीतसर आखलेल्या अभ्यासातही एका डोसाने जवळपास तेच दाखवले आणि डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नऊ ते वीस वर्षांच्या मुलींना एक किंवा दोन डोस पुरेसे असल्याचे जाहीर केले. एकवीसच्या पुढे दोन, आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना शक्यतो तीन.

यात एक खाच आहे. भारतातला तो एका डोसाचा पुरावा गार्डासिलच्या चार प्रकारांच्या लशीवरचा आहे. सर्व्हाव्हॅकच्या परवान्यात नऊ ते चौदा वयासाठी सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस आहेत. तेव्हा डॉक्टर दोन सांगत असतील तर दोन घ्यावेत, आमच्यासारख्यांच्या गणितावर विसंबून एकावर थांबू नये.

शंकासुर

मास्तर, मान्य. माझा आक्षेप लशीवर नव्हता, ती देण्याच्या पद्धतीवर होता, हे मी आधीच स्पष्ट लिहायला हवे होते. पण मग जपानचे काय? तिथे तर सरकारनेच शिफारस मागे घेतली होती.

गणितमास्तर

जून २०१३ मध्ये घेतली आणि एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा सुरू केली. मधल्या काळात लस घेणाऱ्या मुलींचे प्रमाण सत्तर टक्क्यांवरून एका टक्क्याच्याही खाली आले. वेदना आणि हालचालींच्या ज्या तक्रारी होत्या त्यांचा लशीशी कार्यकारणसंबंध नंतरच्या अभ्यासांत दिसला नाही. त्या नऊ वर्षांतल्या मुलींना आता मागाहून गाठून लस द्यावी लागली.

दोन_मुलांचा_बाप

एक बाळबोध प्रश्न विचारतो. मला दोन मुलगेच आहेत. आम्ही या धाग्यावर थांबावे की गच्चीत जाऊन पतंग उडवावेत?

सूक्ष्मदर्शी

दोन्ही करता येईल. मुलांमध्ये १६ हा प्रकार घशाच्या मागच्या भागाचा, गुदद्वाराचा आणि शिश्नाचा कर्करोग करू शकतो. चार प्रकारांच्या लशीतले उरलेले दोन, ६ आणि ११, कर्करोग करत नाहीत, पण जननेंद्रियांवरच्या दर दहापैकी नऊ चामखिळी त्यांच्यामुळेच येतात, आणि त्या मुलगा-मुलगी असा भेद करत नाहीत. सर्व्हाव्हॅकला मुलग्यांसाठीही परवाना आहे. ऑस्ट्रेलियाने मुलींना २००७ पासून आणि मुलग्यांना २०१३ पासून सरकारी कार्यक्रमात घेतले. जिथे पैसा आणि लस मोजकी आहे तिथे मात्र आधी मुलींना द्यावी, हेच धोरण शहाणपणाचे आहे.

मांडवीची_आजी

मी या चर्चेत सर्वांत वयस्कर असेन, म्हणून थोडे जुने लिहिते. माझी थोरली बहीण याच आजाराने गेली. पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावर जाऊ लागले तेव्हा तिने ते आठ महिने कोणालाही सांगितले नाही. लाज वाटत होती. डॉक्टरांकडे नेले तेव्हा पिशवी काढण्याचीही वेळ टळून गेली होती.

ज्यांना 'लग्नानंतरच्या आजाराची लस लग्नाआधी कशाला' असे वाटते त्या सासूबाईंना माझा निरोप द्या. छत्र्या पावसाळ्याआधीच दुरुस्त करायच्या असतात. सयाजीराव महाराजांनी १९०४ साली या राज्यात बालविवाहाला कायद्याने आळा घातला तेव्हाही मंडळी कुरकुरतच होती. फार लहान वयात संसाराला लागणे आणि बाळंतपणांवर बाळंतपणे होणे यानेही या आजाराचा धोका वाढतो, असे आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला बहिणीच्या वेळी सांगितले होते.

निवृत्त_सिस्टर

आजींच्या छत्रीला माझे अनुमोदन. त्यात आणखी एक भर घालते. हेपटायटिस बी हाही रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरणारा विषाणू आहे, त्यानेही पुढे यकृताचा कर्करोग होतो, आणि त्याची लस आपण बाळाला जन्मल्याबरोबर देतो. त्या वेळी एकाही आजीने मला 'हिला आत्ताच कशाला' असे विचारल्याचे आठवत नाही. ही लस झालेला संसर्ग काढू शकत नाही, फक्त होऊ देत नाही. शिवाय नऊ ते चौदा या वयात शरीर तिला उत्तम प्रतिसाद देते. लवकर द्यायची ती एवढ्यासाठी.

नाव_नको

हा प्रतिसाद वेगळ्या नावाने लिहीत आहे, क्षमस्व. माझाही अहवाल अमृताताईंसारखाच आला, फक्त त्यात १६ सापडला. उपचार झाले, गर्भाशयमुखाचा तेवढा भाग तारेच्या वळ्याने काढला, आता मी ठीक आहे. पण लग्नाला अठरा वर्षे झाल्यावर हा विषाणू घरात कुठून आला, हा प्रश्न मी नवऱ्याला विचारला आणि त्या एका प्रश्नाने आमचे वर्ष नासले. तो शपथ घेऊन सांगतो, मी विश्वास ठेवते, आणि रात्री पुन्हा तेच मनात येते. यावर विज्ञान काही सांगते का?

सूक्ष्मदर्शी

होय, आणि स्पष्टपणे सांगते. चाचणी विषाणू आज आहे एवढेच सांगते, तो केव्हा आला हे सांगत नाही. तो वर्षानुवर्षे इतक्या कमी प्रमाणात दबून राहू शकतो की चाचणीत दिसत नाही, आणि पुढे प्रतिकारशक्ती थोडी ढिली पडली की पुन्हा दिसू लागतो. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक सर्व माणसांना, स्त्रियांना आणि पुरुषांना, आयुष्यात कधी ना कधी यातला एखादा प्रकार होऊन जातो आणि त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. त्वचेच्या संपर्काने पसरत असल्यामुळे निरोधही त्याला पूर्णपणे अडवत नाही. या अहवालावरून कोणावरही आरोप ठेवता येत नाही, तुमच्यावर नाही आणि त्यांच्यावरही नाही.

निवृत्त_सिस्टर

बाई गं, हा प्रतिसाद छापून घे आणि दोघांनी एकत्र बसून वाचा.

नमुना_क्रमांक_सात

मी खासगी प्रयोगशाळेत याच चाचण्या करते. काही व्यावहारिक गोष्टी सांगते, कारण लोक येताना चुकीच्या अपेक्षा घेऊन येतात.

लस देण्यापूर्वी मुलीची एचपीव्ही चाचणी करण्याची गरज नसते, ती कोणी करायला सांगितली तर का ते विचारावे. तिशीच्या आतल्या तरुणींची ही चाचणी सरसकट करू नये, कारण त्या वयात संसर्ग सापडतात पुष्कळ आणि निघूनही जातात, मागे राहते ती फक्त काळजी. कमी जोखमीच्या प्रकारांची, म्हणजे ६ आणि ११ ची, चाचणी करून कर्करोगाविषयी काहीही कळत नाही. तरीही 'सगळे प्रकार बघा' म्हणून आग्रह धरणारे ग्राहक आठवड्याला एक तरी येतात.

१६ आणि १८ अहवालात वेगळे का दाखवतात, तेही सांगते. त्यांपैकी एखादा सापडला तर डॉक्टर बहुधा थेट कॉल्पोस्कोपीला, म्हणजे दुर्बिणीने गर्भाशयमुख पाहायला, पाठवतात. 'इतर १२' सापडले तर आधी पेशींची तपासणी करतात आणि ती चांगली आली तर बहुधा वर्षभराने पुन्हा बोलावतात. शिवाय १८ आणि त्याचा भाऊबंद ४५ हे ग्रंथींच्या पेशींत, गर्भाशयमुखाच्या आतल्या बाजूला, कर्करोग करतात. तो पॅप स्मिअरमध्ये, म्हणजे पेशींच्या तपासणीत, किंवा ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहण्याच्या तपासणीत सहज हुकतो. पाळी गेलेल्या स्त्रियांच्या बाबतीत तर ती डोळ्यांची तपासणी आणखीच तोकडी पडते, कारण ज्या भागात बदल होतात तो भाग आत सरकलेला असतो. त्यांनी विषाणूची चाचणीच करावी.

खाडीपलीकडून

अवांतर करतो, संपादकांनी माफ करावे. मुलीला दंडात सुई देणार असाल तर नवरात्रीचे नऊ दिवस टाळा. दंड दोन दिवस दुखतो आणि बडोद्यात गरब्याला हात वर गेला नाही तर मुलगी आयुष्यभर बोलणार नाही.

निवृत्त_सिस्टर

हे अवांतर नाही, हा वैद्यकीय सल्ला आहे. सुई दिल्यावर पंधरा मिनिटे बसवूनही ठेवा. या वयाच्या मुलींना कधी कधी भोवळ येते, ती लशीची नव्हे, सुईच्या धास्तीची असते.

गणितमास्तर

चर्चा बरीच लांबली, पण धागाकर्तीचा मूळ प्रश्न, चार की नऊ, अजून कोणी पुरता सोडवलेला नाही, म्हणून मी प्रयत्न करतो.

नऊ प्रकारांच्या लशीत ६, ११, १६, १८ यांच्याखेरीज ३१, ३३, ४५, ५२ आणि ५८ आहेत. जागतिक हिशेबाने दोन प्रकारांचे संरक्षण ७० टक्के कर्करोगांविरुद्ध मिळते आणि या पाचांमुळे ते ९० टक्क्यांपर्यंत जाते, म्हणजे वीस टक्क्यांची भर. भारतात मात्र १६ आणि १८ चा वाटा मुळातच ऐंशीच्या वर असल्यामुळे भर घालायला उरलेली जागाच लहान आहे. ती शून्य नाही. ज्यांना दोन डोसांच्या वीस हजारांहून अधिक खर्चाचा विचार करावा लागत नाही त्यांनी नऊची घ्यावी, त्यात चूक काहीच नाही. पण नऊची घेऊनही ३५, ३९, ५१, ५६, ५९ हे बाहेरच राहतात. सर्व प्रकारांना आवरणारी लस आज बाजारात नाही.

आता प्रत्यक्षात काय घडले ते पाहा. इंग्लंडने पहिली काही वर्षे मुलींना सर्व्हारिक्स दिली, फक्त दोन प्रकारांची, तीच जी आपल्या डभोईत दिली होती. बाराव्या-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या मुलींमध्ये कर्करोगाचे प्रमाण ८७ टक्क्यांनी घटले, असे २०२१ मध्ये दिसून आले. दोन प्रकारांच्या लशीने सत्तरच्या वर उडी कशी मारली? एक तर तरुण वयात होणाऱ्या कर्करोगांत १६ आणि १८ चा वाटा अधिक असतो, आणि दुसरे म्हणजे ती लस ३१, ३३, ४५ या चुलत भावांनाही थोडीफार रोखते. स्वीडनमध्ये चार प्रकारांची लस होती. सतरा वर्षांच्या आत घेतलेल्यांत घट ८८ टक्के, त्यानंतर घेतलेल्यांत ५३. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा, अमृताताई. लशीत किती प्रकार आहेत यापेक्षा ती कोणत्या वयात टोचली यानेच अधिक फरक पडलेला दिसतो. नऊची परवडावी म्हणून दोन वर्षे पैसे साठवत थांबणे हा सर्वांत महाग पर्याय ठरेल.

नमुना_क्रमांक_सात

आणि लशीबाहेर राहणाऱ्या प्रकारांसाठीच तर चाचणी आहे. आपल्या शेजारच्या महाराष्ट्रात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, एक लाख एकतीस हजार स्त्रियांवर एक अभ्यास झाला होता. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. तीस ते एकोणसाठ वयात आयुष्यात एकदा, फक्त एकदा, एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. पेशींच्या तपासणीला आणि डोळ्यांनी पाहण्याला तसे यश आले नव्हते. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर भारतीय स्त्रियांत ही कुठलीही तपासणी कधीतरी झालेल्या जेमतेम दोन निघाल्या. मुलींच्या लशीवर आपण एवढे लिहिले, पण लिहिणाऱ्यांपैकी किती जणींची चाचणी झाली आहे?

कारेलीबाग_कर

माझी नाही. उद्या वेळ घेते.

मांडवीची_आजी

या प्रश्नावर मीही गप्प बसले आहे, याची नोंद घ्यावी.

अमृता_रावपुरा

सर्वांचे मनापासून आभार. उशिरा उत्तर देत आहे, कारण मधल्या काळात नवरात्र होते आणि 'खाडीपलीकडून' यांचा सल्ला आम्ही शब्दशः पाळला.

माझ्या पेशींचा अहवाल सामान्य आला. वर्षभराने पुन्हा चाचणी करायची आहे. मुलीला दसऱ्यानंतरच्या सोमवारी चार प्रकारांच्या लशीचा पहिला डोस दिला, दुसरा सहा महिन्यांनी. 'माझा प्रकार लशीत नाही' ही जी माझी तक्रार होती तिचे उत्तर मला मिळाले. माझ्या प्रकारावर पहारा ठेवायला माझी चाचणी आहे, आणि तिची तिशी आली की तिलाही चाचणी करावीच लागेल, लस चारची घेतली काय किंवा नऊची. यजमानांना इंग्लंडचे आकडे वाचून दाखवले. त्यांनी उरलेले पैसे कुठे खर्चावेत असे विचारले, तेव्हा मी त्यांच्या आईकडे बोट दाखवले.

सासूबाई त्रेसष्ट वर्षांच्या आहेत. आजींचा त्यांच्या बहिणीविषयीचा प्रतिसाद मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला होता. दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना म्हणाल्या, "ती चाचणी माझ्या वयाला करतात का?" गुरुवारची वेळ घेतली आहे, विषाणूच्या चाचणीचीच.

मांडवीची_आजी

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई पंचेचाळीसच्या आहेत. मी त्यांना हे सारे सांगितले, पण त्या एकट्या जायला धजत नाहीत, आणि मला आता जिने चढवत नाहीत.

अमृता_रावपुरा

आजी, आम्ही मांडवीवरूनच जाणार आहोत. त्यांना गुरुवारी साडेनऊला दरवाजापाशी उभे राहायला सांगा. रिक्षात तिघींची जागा आहे.